पायलट बसेना

अमीन दुबईहून आला तो बॅगा घरी टाकून तडक राजारामपुरीत सोमलिंगच्या दारात. दोस्त वर्षापूर्वीच गेला, हे त्याला उंबऱ्यात उभं असतानाच कळलं. हातातला खोका हातातच राहिला. खोक्यावर हिरव्या हेलिकॉप्टरचं चित्र होतं. निवडणुकीच्या सभेला मैदानावर खरं हेलिकॉप्टर उतरलं, तेव्हा लहानगा सोमू झाडावर चढून बसला होता, आणि तेव्हापासून पोराला दुसरं काही दिसेनासं झालं होतं. अमीनने तो खोका सोमूच्या बहिणीपुढे धरला. म्हणाला, आता तूच जोड, नीला. परत नेऊन काय करू?

नीलांबिका बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. घरात ती आणि तिची आई शांतव्वा, म्हणजे अव्वा, दोघीच. वडील लहानपणीच गेले. त्यांचे थोरले भाऊ सिद्धाप्पा, म्हणजे मुलांचे दोडप्पा, यांचा उद्यमनगरात ओतकामाचा कारखाना. सोमू तिथेच कामाला होता. तिथेच वरच्या साखळीला टांगलेलं ओतीव लोखंडाचं धूड त्याच्यावर पडलं.

जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही, असं दोडप्पांनी सांगितलं. आणि तिथून परस्पर रुद्रभूमीत पुरायला नेला. लिंगायतांत मेलेल्या माणसाला घरी आंघोळ घालतात, विभूती लावून मांडी घालून बसवतात, तसाच बसवून नेतात आणि मातीतही बसवूनच ठेवतात. अव्वाला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. बघण्यासारखं राहिलं नव्हतं म्हणे. "पण जंगमाच्या हातनं रीतसर बसवला की गं त्याला," असं दोडप्पांनी बसवण्णांची शपथ घेऊन सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर अव्वाने वर्ष काढलं.

नीलाचा त्यावर कणभर विश्वास नव्हता. तिने विचारायचं, आणि थोरामोठ्यांनी एकमेकांकडे बघून म्हणायचं, पोरीच्या जातीला कशाला या चौकशा. तिला मात्र एवढंच हवं होतं: काय झालं ते दोडप्पांनी स्वतःच्या तोंडाने अव्वापुढे सांगावं.

आषाढाची झड लागली होती. कॉलेजमधून आल्यावर नीला खिडकीपाशी खोका उघडून बसायची. प्लॅस्टिकच्या चौकटीला सगळे भाग झाडाला कैऱ्या लगडाव्यात तसे लगडलेले. अर्ध्या ब्लेडने एकेक कापायचा, काठ घासायचा, गोंदाचा ठिपका द्यायचा. असलं काम तिने जन्मात केलं नव्हतं. पहिल्याच दिवशी गोंद जास्त झाला आणि हेलिकॉप्टरच्या काचेवर तिच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. माहितीचा कागद कुठल्याशा परक्या लिपीत होता, पण चित्रं आणि आकडे होते. तिला ते आवडलं. आकड्यांना वडीलधाऱ्यांसारखं गोलगोल बोलता येत नाही.

अंग झालं, शेपूट झालं, वरची पाती बसली. राहिला पायलट. बोटाच्या पेराएवढा पुतळा, गुडघे वाकवून बसलेलाच घडवलेला. तिने त्याला खुर्चीत चिकटवला.

दुसऱ्या दिवशी तो तळाशी उताणा पडला होता.

गोंद कमी पडला असेल म्हणून तिने पुन्हा चिकटवला, वरून दोरा आवळून गाठ मारली. दुसऱ्या दिवशी गाठ जशीच्या तशी होती, आणि पायलट खाली. या वेळी त्याचे पाय सरळ होते.

नीलाने त्याला उजेडात धरला. असलं प्लॅस्टिक वाकवलं की वाकल्या जागी पांढरं पडतं, एवढं तिला कळत होतं. इथे रेघसुद्धा नव्हती. जणू तो घडतानाच ताठ घडला होता. तिने त्याला गरम पाण्यात बुडवून गुडघे दुमडले. दुमडले गेले. बोट काढलं. पाय सावकाश, कुणीतरी झोपेत पाय लांबवावा तसे, सरळ झाले.

तेव्हाच तो वास आला. काकवी जळाल्याचा. ओतकामाच्या वाळूत काकवी मिसळतात. सोमूच्या सदऱ्यांना रोज हाच वास यायचा. खिडकी बंद होती. नीलाला भीती वाटायला हवी होती. तिला वाटला तो संताप.

"तुला बसवलंच नाही ना रे?" ती हळू आवाजात म्हणाली.

आणि मग उरलेलंही तिला दिसलं. नुकत्याच गेलेल्या माणसाचे पाय वाकतात. ताठतो तो तासन् तास तसाच पडून राहिलेला.

सोमवारी दोडप्पा देवळातून परस्पर जेवायला यायचे. आले, कपाळभर विभूती, लाकडी खुर्चीत ऐसपैस बसले आणि खिडकीकडे बघून हसले. सरकारने पोरींना शिकवलं ते खेळणी करायला व्हय, म्हणाले. लगीन झालं असतं तर हातात खरं पोर असतं. अव्वा आत भाकऱ्या थापत होती. वीज गेलेली, बाहेर पाऊस, भरदुपारी घरात तिन्हीसांजेसारखा अंधार.

नीलाने हेलिकॉप्टर त्यांच्यापुढे ठेवलं. तळहातावर पायलट धरला.

"दोडप्पा, एवढं बसवून द्या. माझ्याच्यानं बसेना."

"एवढं बी जमंना?" त्यांनी पुतळा घेतला, अंगठ्याने पाय दुमडले, खुर्चीत दाबला. अंगठा काढला. पाय सरळ झाले.

ते हसले. पुन्हा दाबला. पुन्हा सरळ. तिसऱ्या वेळी ते हसले नाहीत.

वासाने खोली भरली. आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला. टेबलावर हेलिकॉप्टरचं वरचं पातं हललं... एक फेरा... मग दुसरा. वारा कुठेच नव्हता. प्रत्येक फेऱ्याला कर्र असा आवाज येत होता, साखळी चढताना येतो तसा.

"थांबीव ते," दोडप्पा म्हणाले.

"मी हातही लावला नाही."

"नीला... थांबीव म्हंतो न्हवं."

"बसवा की मग त्याला," नीला म्हणाली. "तेव्हा बसवला होता ना, रीतसर?"

दोडप्पांना तो पुतळा बोटांतून टाकता येत नव्हता. कपाळावरची विभूती घामाने ओघळली. ते बोलले ते नीलाशी नव्हे, त्या पुतळ्याशीच.

"न्हाय वाकलं रं तुजं पाय... लय दाबलं. दोघं दोघं बसलो पायांवर... न्हाय वाकलं. आडवाच ठेवला."

अव्वा दारात उभी होती. हाताला पीठ.

"किती वेळ पडला होता?" तिने विचारलं.

"भट्टी पेटली हुती, शांतव्वा. रस तयार. थांबवला असता तर सगळी ओतणी वाया... आणि साखळी झिजलेली हुती. तपासणीचं साहेब लोक यायच्या आत बदलाय पायजे हुती. सकाळधरनं... दिवस मावळूस्तोर. पोत्याखाली."

"जित्ता होता?"

पातं थांबलं. पावसाचाही आवाज कमी झाल्यासारखा वाटला.

"पयल्यांदा... हाका मारत हुता," दोडप्पा म्हणाले.

अव्वा रडली नाही. तिने पदराला पीठ पुसलं, दाराकडे बोट केलं आणि म्हणाली, "उठा."

दोडप्पा उठायला गेले. खुर्चीच्या हातांवर जोर दिला, दात खाल्ले. कंबर वर आली, पण गुडघे उघडले नाहीत. पुन्हा जोर केला. पाय बसल्या घडीतच राहिले. शेवटी त्यांच्या मुलाला बोलावणं गेलं. तो आणि ड्रायव्हर, दोघांनी मिळून त्यांना बसल्या अवस्थेतच उचलून जीपमध्ये ठेवलं. गल्ली बघत होती. नीलाही दारात उभी राहून बघत होती, आणि तिने मान खाली घातली नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी पायांचे फोटो काढले; हाडात दोष नाही म्हणाले. दोडप्पा आता बसूनच जेवतात, बसूनच झोपतात. अमीन परत जाताना भेटायला आला, तेव्हा हेलिकॉप्टर खिडकीत पुरं झालेलं होतं. पायलट आत होता, गुडघे मोडून, स्वस्थ. त्याला गोंद लावावाच लागला नाही.

श्रावण लागला. धोंडुबाई दोन्ही घरची धुणीभांडी करायची. एका सकाळी ती येऊन बसली आणि कामाला हातच घालीना. मग तिनेच सांगितलं. दोडप्पांच्या खोलीला आतून कडी असते, खिडकीला गज, तरी रोज सकाळी त्यांच्याभोवती ओली लाल माती सापडते. सांडलेली न्हवं, ताई. चहूबाजूंनी भरून, थापून बसवल्यागत. सून रोज घमेल्याने उपसते. रोज वाढते.

"कुठवर?" नीलाने विचारलं.

धोंडुबाईने तळहात आडवा करून पोटाशी धरला. "काल हितवर हुती. आज..." मग दाराकडे एकदा बघून तिने तो हात सावकाश वर नेला, छातीवरून, आणि गळ्याशी आणून थांबवला.

नीलाने तिच्यासाठी चहाचं आधण ठेवलं. "उद्या लवकर ये," ती म्हणाली.