नळीत न राहणारा वायू

खोटं सांगून मला काय मिळणार? रुचा माझी सख्खी मावसबहीण. आणि हे तिच्यासोबत संगमनेरला, भरदुपारी घडलंय.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत.

रुचा तिथल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. म्हणजे... शिकवायची. नोकरी तात्पुरती होती. सुट्टी संपली की कमिटीसमोर एक प्रयोग करून दाखवायचा, जमला तर कायम. तिच्या वाट्याला आलं, एक मोल, म्हणजे केमिस्ट्रीतल्या ठरलेल्या मापाचा, वायू किती जागा व्यापतो ते मोजणं.

गंमत बघा, त्या लॅबमध्ये हा प्रयोग कुणी करतच नसे. सर फळ्यावर उत्तर लिहायचे, पोरं उतरवून घ्यायची. झालं प्रॅक्टिकल!

पण आमची रुचा पडली हट्टी. "एकदा हात बसवून घेते," म्हणत एकटीच लॅबमध्ये गेली.

आकडे कोरलेली काचेची नळी. आत ॲसिड, पाणी आणि मॅग्नेशियमची फीत. तिने अंगठ्याने तोंड दाबून नळी पाण्यात उलटी धरली. बुडबुडे चढले. वर वायू साठला, पाणी खाली सरकलं. आकडा अगदी हवा तसा.

खूश होऊन ती पेन घ्यायला वळली.

परत बघते तर... पाणी पुन्हा वर. वायू गायब!

"मेलं, गळतंय कुठून?"

नळी तर शाबूत. तिने दुसरी भरली. या वेळी नजर हलवली नाही.

पाणी वर चढलं. थांबलं. पुन्हा चढलं...

कुणीतरी दमादमाने ओढून घ्यावं तसं.

बाहेर हायवेवरचे ट्रक ऐकू येईनासे झाले.

आणि मग कानाजवळ... सुईईई... श्वास आत घेतल्याचा आवाज.

सोडल्याचा आलाच नाही.

तिने विभागप्रमुख गहिनीनाथ सरांना फोन लावला.

"अवो मॅडम, खरंच केला का काय प्रयोग?" सर ओरडलेच. "म्हणून तर आमी नुस्तं लिहून देतो! तिथं नळीत काय राहत न्हाई. आन् नळीतलं संपलं की..."

"की काय, सर?"

"आधी भाईर निघा!"

तिला 'हो' म्हणायचं होतं. पण छातीत हवाच नव्हती. तोंड उघडलं तरी आत काही येईना. उलट आतलंच बाहेर ओढलं जात होतं.

दार उघडंच होतं. ती टेबलांचे पाय धरत, रांगत पोचली. व्हरांड्यात पडली तेव्हा ओठ निळे पडले होते.

कमिटीसमोर ती गेलीच नाही. नोकरी गेली खड्ड्यात, पोरगी वाचली, म्हणून मावशीने नारळ फोडला.

आता ती केडगावला आमच्याकडे असते. डॉक्टरांनी तिला फुफ्फुसांच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं यंत्र दिलंय. नळी तोंडात धरून श्वास ओढला की चेंडू वर जातात. रुचाचा एकच जातो, तोही निम्मा.

आज संध्याकाळी आम्ही दोघी चहा घेत होतो. यंत्र टेबलावर पडलं होतं. कुणी हातही लावला नव्हता.

तिन्ही चेंडू एकदम वर गेले...

हे सांगतेय, तरी अजून खाली आलेले नाहीत. रुचा बॅग भरतेय. कुठे जाणार, ते तिलाही ठाऊक नाही.