काळ्या झग्याची पाठ

दिवा राहू दे बंद. उद्या संग्रहालयात ते भारी कपड्यांचं प्रदर्शन बघायला जायचं म्हणून मघापासून नाचताय ना? जा की, मी कशाला आडवा येऊ? पण आमच्या टेलरमास्तरांचं ऐका आणि मग जा. तुम्ही सुट्टीपुरते येता, म्हणून तुमच्या कानावर आलं नसेल.

मास्तर माझे शेजारी, भिंतीला भिंत. जे झालं ते त्यांनीच मला सांगितलं, आणि हा माणूस थापा मारणाऱ्यातला नव्हे.

प्रदर्शनातले कपडे पुतळ्यांवर चढवायचं काम त्यांच्याकडे होतं. कुठल्या कुठल्या श्रीमंत बायकांचे जुने झगे. कंबरा अशा की त्या बायका जेवत होत्या की नाही, कोण जाणे. त्यातला एक काळ्या रेशमाचा झगा काही केल्या पुतळ्यावर बसेना. त्याला बटणं नव्हतीच. बाईला आत उभं करायचं आणि पाठीवर शिवून टाकायचं, अशी त्याची तऱ्हा. जिच्यासाठी शिवला तिनं तो कधी घातलाच नाही म्हणे. तिचं नाव पाटीवर होतं, शिवणाऱ्या मुलींचं नव्हतं. हौस एकीची आणि बोटं दुसरीची, दुसरं काय.

यंदाच्या मार्चमधला शेवटचा शनिवार. रविवारी उद्घाटन, म्हणून रात्री मास्तर तिथंच थांबलेले. मदतीला लेक होती. तिचं लग्न ठरलं होतं. वस्तू कुणी अंगात घालायची नाही, हा प्रदर्शन सांभाळणाऱ्या मॅडमचा नियम. पण जिवंत अंगावर कापड कुठं ओढतं ते एकदा दिसलं, की पुतळ्याला तिथं बरोबर कापूस भरता येतो. शिंप्याचं डोकं, ते शिंप्यासारखंच चालणार.

"घाल गं, पाचच मिनिटं," मास्तर म्हणाले.

"बाबा, मॅडमनी पाहिलं तर?"

"मॅडम गेल्या घरी झोपायला."

तिनं घातला. पाठ उघडीच होती. मास्तर समोरून बघत होते. खांदे बसले. छाती बसली. मग ती म्हणाली, "बाबा, मागून ओढू नका ना."

मास्तर तर समोर उभे होते...

ते मागं गेले. मागं कुणी नव्हतं. कमरेपासून वर टाके पडत होते. बारीक, सरळ. सुई दिसत नव्हती. रेशमातून धागा ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. सर्र... जरा थांबून, सर्र...

कात्री हातातच होती. पण मास्तरांनी झगा कापला नाही. असली वस्तू जगात एकच आहे, असं मॅडमनी बजावलं होतं. ते एकेक टाका उसवत बसले. उसवत वर जावं, तोवर खाली पुन्हा शिवलेलं.

"बाबा... श्वास..."

"झालंच, बाळा. झालंच."

सर्र.

"बा..."

मग ती बोलली नाही.

तेव्हा कापला. गळ्यापासून खालपर्यंत, उभा...

नाही रे. नाही वाचली.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मास्तरांना कुणी दोष दिला नाही, आणि तेच त्यांना आतून खातंय. मला म्हणाले, "पोरीकडे बघायचं सोडून मी झग्याकडे बघितलं हो." मी रडलो तेव्हा, लपवत नाही.

झगा मॅडमनी बेमालूम शिवून घेतला. आता तो शेवटच्या दालनात आहे, बिनडोक्याच्या पुतळ्यावर, काचेच्या पेटीत. पेटी चहूबाजूंनी बंद, आत वारासुद्धा शिरत नाही. मास्तर रोज जाऊन समोर उभे राहतात. एकदा मी सोबत गेलो. काच स्वच्छ होती. मास्तर जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "आलो गं."

...

पुतळ्याच्या मानेच्या वर, जिथं तोंड असायला हवं, तिथं काचेवर वाफ धरली. एवढीशीच.

मास्तरांनी रुमाल काढून पुसली. पुसली जाईना. ती आतल्या बाजूनं होती.