अँटेनाची काठी

सांबशिवची मोपेड काठीवरून गेली तेव्हा आवाज अगदी लहान झाला, वाळकी शेंग मोडावी तसा. तंजावूरच्या पूर्व राजवीथीत सकाळची गर्दी होती. फुलवालीची टोपली चुकवायला त्याने हँडल वळवलं आणि पुढचं चाक कशावर तरी चढून उतरलं. मागे पाहिलं, तर एक मुलगी रस्त्याच्या कडेला ताठ उभी होती. मोरपंखी साडी, ओल्या वेणीत अबोलीचा गजरा, आणि हातात पांढऱ्या काठीचा तुकडा.

"अय्यो देवा..." तो पुटपुटला. मग तमिळमध्ये माफी मागायला त्याने तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली. मराठीत.

"देवास कशाला बोलावता? मोपेड तुम्ही चालवत होता ना?"

"तुम्ही... आपल्यातल्या? इथल्याच मराठी?"

"वेंकटरावांची वसुमती. राजवाड्यामागच्या गल्लीत घर." तिने हात पुढे केला. "बाकीचे तुकडे द्या."

चार नळ्यांची घडीची काठी होती ती. आतलं इलास्टिक तुटलं होतं आणि दोन नळ्या पार चपट्या झाल्या होत्या. ते गोळा करून देताना त्याने प्रथमच तिच्या डोळ्यांत पाहिलं. ते त्याच्या कानाच्या जरा पलीकडे बघत होते... शांतपणे.

त्याने घाईघाईने तिचं मनगट धरलं. तिने ते सोडवून घेतलं.

"तुम्ही धरू नका. मी धरते." आणि तिने त्याच्या कोपराच्या वर दोन बोटं टेकवली. "आता चला. नेहमीसारखं."

नेहमीसारखं चालणं सांबशिवला त्या दिवशी काही जमलं नाही.

घराच्या ओट्यावर वेंकटराव गुडघ्याला तेल चोळत बसले होते. काठी पाहून त्यांचा हात थांबला. मग म्हणाले, "नऊ दिवसांनी हिला तिरुचीस रुजू व्हायचं होतं. बँकेत, टेलिफोन ऑपरेटर म्हणून. नवी काठी मद्रासहून यायला दीड महिना लागतो. रोज पोचवायला गेलो असतो, पण हे गुडघे... राहू दे मा, पोरी. कळवून टाकू, जमत नाही म्हणून."

वसुमतीचा अंगठा चपट्या नळीवरून सावकाश फिरत राहिला. सांबशिवला ते पाहवेना.

"मी करून देतो," तो म्हणाला. "मी सांबशिव. पंपसेट दुरुस्तीचं वर्कशॉप आहे माझं. लेथ आहे."

"काठी म्हणजे पंप नव्हे," ती म्हणाली.

"नऊ दिवस आहेत ना?"

पहिली काठी त्याने तिसऱ्या दिवशी आणली. तिने ती उचलली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि मनगट चोळत परत आली.

"हिने मी माणूस मारू शकेन, सांबशिवराव. चालू नाही शकत."

दुसरी हलकी होती. घसरू नये म्हणून टोकाला त्याने जाड रबर बसवलं होतं आणि तो मनातल्या मनात खूश होता. तिने दोनदा जमिनीवर टेकवली.

"ही मुकी आहे."

"मुकी?"

"बोलत नाही. दगड, सिमेंट, लोखंड... काठीने मज सांगायला हवं ना? रबर घालून तुम्ही तिचं तोंड बांधलंत." मग जरा थांबून, हसू दाबत, "तुम्ही तरी बोलत जा थोडं. नुसते बघत बसता."

"तुम्हांस कसं कळलं मी बघतो ते?"

"आणखी काय करता, मग? श्वास तेवढा ऐकू येतो."

त्याचे कान तापले. नजर चुकवायची गरज नव्हती, तरी त्याने ती चुकवली, वर गच्चीकडे. गच्चीवर टीव्हीची जुनी अँटेना आडवी पडलेली होती. गल्लीत केबल आल्यापासून घरोघरी अशाच पडल्या होत्या. पातळ, हलकी ॲल्युमिनियमची नळी...

"मामा," त्याने वेंकटरावांना विचारलं, "ती अँटेना हवी आहे का तुम्हांस?"

सहाव्या दिवशी तिसरी काठी आली. चार तुकडे, आत मोपेडच्या कॅरियरची इलास्टिक दोरी, टोकाला लेथवर घडवलेलं नायलॉनचं बोंड. वसुमतीने घडी सोडली. खट् खट् खट्, तुकडे आपोआप एकमेकांत बसले. तिने काठी दगडावर टेकवली. टक्. मग गटारावरच्या लोखंडी झाकणावर. टण्. तिचा चेहरा असा उजळला की सांबशिव जागीच खिळला.

"चला माझ्याबरोबर," ती म्हणाली.

तो शेजारून चालू लागला. डावा पाय पुढे पडे तेव्हा काठी उजवीकडे जाई, उजवा पडे तेव्हा डावीकडे. पुढचं पाऊल जिथे पडणार, तिथे काठी आधीच जाऊन आलेली.

"इथे भिंत संपली. बोळ आहे."

"कसं...?"

"टोल्याचा आवाज परत येईनासा झाला. ऐका ना."

त्याने ऐकलं. काही कळलं नाही. पुढे ती म्हणाली, इथे फरशी हलते. इथे सायकल उभी आहे, काल नव्हती. अशा गल्ल्यांतून सांबशिव एकोणतीस वर्षं हिंडला होता आणि त्याला वाटलं, आपण गल्ली आजच पहिल्यांदा पाहतो आहोत.

"मज देता?" त्याने विचारलं. काठी घेऊन त्याने डोळे मिटले. एक, दोन... सहाव्या पावलाला तो थांबला. पुढे सारं जग होतं, आणि त्यातलं एकही पाऊल त्याचं नव्हतं.

"घाबरलात?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"मीही घाबरते. रोज. मग टेकवते, आणि जमीन असते."

रुजू व्हायच्या दिवशी कुणी बरोबर यायचं नाही, असं तिने बजावलं होतं. सांबशिवने कबूलही केलं होतं. तरी पहाटेच्या पावसाने ओल्या झालेल्या बसमध्ये तो मागच्या दाराने चढला.

तिरुचीला उतरून ती चालू लागली. हा रस्ता वडिलांबरोबर तिने गेल्या महिन्यात पाच वेळा घोटला होता. दहा पावलं मागे सांबशिव. वळणावर त्याला दिसलं. टेलिफोनची केबल टाकायला कुणीतरी फूटपाथ खणला होता. माणूसभर खोल चर; ना दोरी, ना पाटी. ती सरळ तिकडेच चालली होती.

त्याने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

काठीचं टोक कडेवरून खाली गेलं आणि वसुमती थांबली. जागच्या जागी. काठी खोल सोडून तिने तळ शोधला, नाही लागला. मग कडेकडेने काठी सरकवत ती डावीकडे गेली. मातीचा ढीग, विटा, आणि एक फळी. फळीची रुंदी तिने दोनदा मोजली, पाय दाबून पाहिला, आणि पलीकडे गेली. तीन पावलं. वेणीतला गजराही हलला नाही. भोवती लोक आपापल्या घाईत होते. कुणाला काही घडल्याचं कळलंही नाही.

सांबशिव चराच्या अलीकडेच उभा राहिला. लहानपणी तंजावूरच्या मोठ्या देवळाच्या शिखराकडे पहिल्यांदा मान वर करून पाहिलं होतं, तेव्हा तो असाच गप्प झाला होता. आणि ती नळी गेल्या आठवड्यापर्यंत गच्चीवर धूळ खात पडली होती...

बँकेच्या पायरीशी ती थांबली.

"सांबशिवराव."

तो दचकला.

"मशीनच्या तेलाचा वास सगळ्या बसभर होता," ती न वळता म्हणाली. "खड्ड्यापाशी तुम्ही ओरडला का नाहीत?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलवेना. "ओरडणार होतो... आवाजच आला नाही. मग पाहिलं, तुम्ही थांबलाच होता."

"ओरडला असता, तर मी दचकून पाय टाकला असता." तिचा आवाज कापला. "माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून आलात ना?"

"सकाळी नव्हता," तो म्हणाला. "आता आहे. आता मजच माझा भरवसा नाही, वसुमतीबाई. तुम्हांस सोडून परत जाता येईल असं वाटत नाही."

तिने काठीची घडी केली.

"साडेपाचला सुटते," एवढंच म्हणून ती आत गेली.

तो दिवसभर समोरच्या चहाच्या दुकानात बसून राहिला. साडेपाचला आधी टक्-टक् ऐकू आली, मग ती दिसली. दमलेली, आणि कमालीची सुंदर.

"मज सांभाळणारं कुणी नको," तिने आल्याआल्या सांगितलं. दिवसभर घोकलं असावं.

"सांभाळायला नाही विचारत. तुम्ही चालता तेव्हा मज... शेजारी असायचं आहे. खड्डा तुम्हीच शोधा."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "अप्पांस मी सांगेन. तुम्ही मधे बोलू नका." आणि मग, "ते 'बाई' आणि 'तुम्ही' सोडा आता."

बसमध्ये ते शेजारी बसले. ते सोडणं त्याला वाटलं तितकं सोपं नव्हतं. वाटेतलं सेंगिपट्टी येईपर्यंत त्याने चार वेळा घसा खाकरला.

"वसुमती," तो म्हणाला.

"हं?"

"काही नाही. म्हणून पाहिलं."

खिडकीबाहेर ओल्या भातशेतांचा वास येत होता. तिने चेहरा वाऱ्याकडे वळवला.

"परत म्हण," ती म्हणाली.