पाचवं सोंग

सायलस मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्या तोंडावर त्याच्या आईच्या खिडकीचा जाळीदार पडदा होता, अंगात फुलाफुलांचा नाइटगाऊन होता आणि पायात उलटे घातलेले रबरी बूट — डाव्यात उजवा, उजव्यात डावा. आमच्याच स्वयंपाकघरात माझा हात धरून तो चांगला तासभर नाचला... आणि हा आहे कोण, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही!

नाताळाचे दिवस होते. आमच्या पिंचर्स रीच गावात त्या दिवसांत संध्याकाळी दारावर थाप पडली, की तोंड झाकून घरोघरी नाचत हिंडणारे सोंगाडे आले असं धरूनच चालायचं. बाबांनी अकॉर्डियन मांडीवर घेऊनच ठेवलेलं असायचं. बाहेरून आवाज यायचा — श्वास आत ओढत बोललेला, म्हणजे कोण बोलतंय ते कळू नये.

"सोंगाडे येऊ का घरात?"

"या की! दार काय तुमच्या सासऱ्यांनी लावलंय?" बाबा ओरडायचे.

मग ओळखायचं. नाव बरोबर निघालं की पडदा वर, हातात रमचा पेला, मनुकांच्या काळ्या केकचा तुकडा, आणि चला पुढच्या घरी. नाहीच ओळखता आलं, तर त्यानं झाकल्या तोंडानं निघून जायचं आणि बाकीच्यांनी त्याचं नाव फोडायचं नाही. आमच्या गावात माणसं बायकोशी खोटं बोलतील, पण हा नियम मोडणार नाहीत.

"हर्ब?" नाचता नाचता मी माझ्या दुकानमालकाचं नाव घेऊन पाहिलं.

पडदा नकारार्थी हलला.

"मग हर्बची बायको?"

"इतकी देखणी दिसते का मी?" श्वास आत ओढत उत्तर आलं.

"देखणी नाही. हात केवढे आहेत!"

"सोडू का मग हात?"

"... ओळखेपर्यंत नको," मी म्हणाले, आणि बाबा अकॉर्डियनच्या मागून इतके मोठ्यानं हसले की त्यांना खोकलाच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हर्बच्या दुकानात गल्ल्यावर बसले होते. दारात एक उंच, अनोळखी माणूस आला आणि आत यायच्या आधी त्यानं पायरीवर डाव्या बुटाची टाच आपटली — टक, टक. बर्फ झाडला. काल आमच्या उंबऱ्यावर तस्संच झालं होतं!

"काल माझ्या पायावर तीनदा पाय दिलास," मी म्हणाले.

तो जागीच थांबला. मग हळूहळू कानापर्यंत हसला. "चारदा. एक तुला कळला नाही."

सायलस पिको. खाडीच्या पलीकडचा. त्याची आई नुकतीच आमच्या गावात, तिच्या बहिणीच्या रिकाम्या घरात राहायला आली होती. तो स्वतः देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात तेलाच्या खाणीवर. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे इकडे. आमच्या बेटावरच्या निम्म्या तरण्या पोरांचं आयुष्य असंच विमानात जातं. "तीन आठवडे काय करायचं मी?" मी लाडानं विचारलं, तर म्हणाला, "नाच शिक."

आणि मग मार्चमध्ये तो रोग आला.

आला म्हणजे आमच्या गावात नाही आला... बातम्यांमध्ये आला. पण माणसं तेवढ्यानंच बदलली. हर्बनं जमिनीवर दोन-दोन हातांवर चिकटपट्ट्या लावल्या. कुणी त्या पाळायचे, कुणी मुद्दाम त्यांच्यावर नाचून दाखवायचे. एकीनं तर मी दिलेले बटाटे माझ्यासमोर साबणानं धुतले! आणि माझी विनीआत्या, बाबांची थोरली बहीण, मास्क हनुवटीखाली अडकवून गल्ल्यावर रेलून सांगायची, "टोरांटोवाल्यांचे चोचले आहेत गं हे. आपल्या माणसांना काय होतंय? खारं वारं खाल्लेली फुप्फुसं आपली." मग आवाज बारीक करून म्हणायची, "आणलाच तर हे अल्बर्टावाले आणतील. त्या पिकोबाईचा मुलगा आलाय म्हणे पुन्हा. तू लांबच राहा हो."

मी घाबरत होते. उगीच नाही. खेकड्यांच्या कारखान्यातल्या वाफेनं बाबांची छाती कायमची धरली होती, साधी सर्दी झाली तरी ते महिनाभर उशीला टेकून बसून झोपायचे. आई गेल्यापासून आम्ही दोघंच होतो. बाबांना काही झालं तर... त्या वाक्याच्या पुढे मी कधी जातच नव्हते.

सायलस घरी आला की नियमानं दोन आठवडे त्यानं घरात कोंडून घ्यायचं. मी रोज कामावरून येताना त्यांच्या अंगणात जायची. तो काचेच्या आत, मी बाहेर, दोघांच्या कानाला फोन.

"चाललीस का मत्स्यालय बघायला?" बाबा चिडवायचे.

उरलेल्या एका आठवड्यात आम्ही धक्क्यावर फिरायचो, नाकातोंडावर कापड बांधून, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. एकदा त्या जागेकडे बघत तो म्हणाला, "हा मधला माणूस मला आवडत नाही." मी खूप हसले, आणि घरी येऊन खूप रडले.

डिसेंबरात तो परत आला तेव्हा काचेपलीकडचा त्याचा चेहरा ओढलेला दिसत होता.

"आई ब्रेड घेऊन गेली होती शेजारी," तो म्हणाला. "तिनं पाठ फिरवल्यावर त्यांनी तो कुत्र्याला घातला. तिनं बघितलं, लेना."

मी काचेवर हात ठेवला. त्यानं आतून ठेवला. काच तेवढी गार लागली.

"सोंगं नाहीत म्हणे यंदा?"

"बंदी आहे. बाबा फुगून बसलेत. जन्मात असा नाताळ बघितला नाही म्हणतात."

"वर्षभर सगळा गाव तोंड झाकून हिंडतोय, आणि सोंगं बंद!" तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "सोंग घेतलं तर कुणाच्या तरी घरात जाता येईल मला. तुझ्या घरात... एकदा."

"सायलस. दिवस भरेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. बाबांसाठी. कबूल?"

"कबूल."

"शपथ?"

"तुझी," तो म्हणाला.

नाताळ झाल्यावर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मी दुकानातून परत आले, तर आमच्या स्वयंपाकघरात बुटांवरून वितळलेल्या बर्फाचं पाणीच पाणी. टेबलावर पेले होते, केक अर्धा संपला होता, आणि बाबा अकॉर्डियन छातीशी धरून लहान पोरासारखे लाल झाले होते.

"ओरडू नकोस!" त्यांनी आधीच हात वर केला. "विनी आली होती, आणखी तिघं होते. चौघांनाही एका झटक्यात ओळखलं! पडदे वर, पेले हातात. पाचवा मात्र... नाही बुवा ओळखला. तसाच गेला. पण नाचला काय, लेना! दारात आला तेव्हा टाच आपटली त्यानं. दोनदा."

त्यांनी माझ्याकडे मिश्कीलपणे पाहिलं.

मी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. बाहेरचा गारठा आत घुसला, बाबा कुरकुरले. मग मी मागच्या अंगणात जाऊन त्याला फोन लावला.

"कुठे होतास संध्याकाळी?"

"... घरातच. कुठे जाणार?"

मी फोन ठेवला. तो आला याचा राग होताच. पण तो माझ्याशी खोटं बोलला, तेही श्वास बाहेर सोडत, स्वतःच्या आवाजात... ते फार लागलं.

आठवडा उलटायच्या आत बाबा खोकायला लागले. पुढचं सगळं भराभर झालं. रुग्णवाहिका आली, अंगभर पांढरे कपडे घातलेली माणसं आली, आणि बाबा म्हणाले, "बघ, सोंगाडे आले." त्यांना सेंट जॉन्सच्या इस्पितळात नेलं. मला बरोबर जाऊ दिलं नाही. माझी तपासणी झाली, तिच्यात काही निघालं नाही, तरी घरात कोंडून घ्यायचं होतं.

आरोग्य खात्याच्या नर्सबाईंचा फोन आला. घरात कोण कोण आलं होतं? विनीआत्यानं चौघांची नावं दिली होती. पाचव्याचं नाव कुणालाच सांगता येत नव्हतं.

"वाटेत मागून येऊन मिसळला गं," आत्या मला फोनवर रडत म्हणाली. "सोंगात कोण आहे ते विचारतं का कुणी? आपल्यात तशी रीत आहे का? पण ज्यानं हे आणलं त्याला देव बघून घेईल."

गावभर तेच चाललं होतं. पाचवा कोण? जे काल रोगाला थोतांड म्हणत होते तेच आज दाराला दोन-दोन कड्या लावून पाचव्याला शिव्या देत होते.

नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "लेना, तो माणूस आजारी असेल तर त्याच्या घरच्यांनाही धोका आहे. तुला काही अंदाज?"

त्याची म्हातारी आई माझ्या डोळ्यांसमोर आली. आणि तोही आला — पडदा लावून, उलटे बूट घालून. नाव सांगितलं तर गाव त्याला जगू देणार नव्हतं. लहानपणापासून मी सोंगाड्यांची नावं टाळ्या वाजवत घेतली होती.

"सायलस पिको," मी म्हणाले.

आरोग्य खात्याची माणसं त्याच्या दाराशी गावानं पाहिली, आणि त्या रात्री त्याच्या गाडीची काच कुणीतरी फोडली.

चार-पाच दिवसांनी इस्पितळातून बाबांचा चेहरा फोनवर दिसला. तोंडावर प्राणवायूची नळी होती, डोळे मात्र तेच होते.

"तो पाचवा..." ते थांबत थांबत म्हणाले, "ओळखला होता मी. टाच आपटली तेव्हाच."

"मग नाव का नाही घेतलंत, बाबा?"

"नाव घेतलं असतं तर पडदा काढावा लागला असता त्याला. विनीनं तिथंच फाडून खाल्लं असतं." त्यांनी दम घेतला. "वर्षभर कुणी घरात घेतलं नाही गं त्या पोराला. सारखा दाराकडे बघत होता, तू येतेस का म्हणून... म्हटलं, नाचू दे."

दुसऱ्या दिवशी बाबा गेले.

पुरताना कबरीपाशी आम्ही मोजकी माणसं होतो, एकमेकांपासून लांब उभी. मी एकटीच रडले, कारण जवळ घ्यायला कुणी येऊ शकत नव्हतं.

मग तपासणीचे निकाल कळले. विनीआत्या आणि तिच्याबरोबरचे तिघं, सगळ्यांना रोग झाला होता. आत्याचा घसा नाताळाच्या आधीपासूनच दुखत होता. "गारठ्यानं असेल म्हटलं," ती माझ्या पायरीखाली उभी राहून म्हणाली, आणि तिथंच चिखलात मटकन बसली. सायलसची तपासणी दोनदा केली. दोन्ही वेळा काहीच निघालं नाही. त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात शेवटपर्यंत तोंड झाकलेलं होतं, ते फक्त त्याचं.

त्याची माफी कुणी मागितली नाही. नुसतेच सगळे गप्प झाले.

जानेवारीच्या अखेरीला, गारठून बर्फ होणारा पाऊस पडत होता, तेव्हा पायरीवर आवाज आला. टक, टक.

मी दार उघडलं. तो पायरी उतरून मागे गेला होता, कुंपणापाशी. नाकातोंडावर निळं कापड. रस्त्यावर सामानानं भरलेली गाडी आणि आत त्याची आई.

"आईला घेऊन चाललोय," तो म्हणाला. "अल्बर्टाला. कायमचा... बहुतेक."

मी मान हलवली.

"लेना, माझ्यामुळे नाही गेले ते. कागदावर तसं आलंय. पण मी आलो तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी आणलाही असता. तुझी शपथ घेतली होती, तरी आलो. आणि मग खोटं बोललो." त्याचा आवाज फुटला. "तू घरी असशील असं वाटलं होतं. एक गाणं नाचून जाईन म्हटलं. तुला बघितल्याशिवाय... मला तू फार आवडतेस गं. इतकंच सांगायचं होतं. फार उशिरा सांगतोय."

पाऊस त्याच्या टोपीवर गोठत होता. मला त्याचा राग आला होता, बाबांची आठवण येत होती, आणि पळत जाऊन त्याच्या ओल्या कोटात तोंड खुपसावं असंही वाटत होतं. हे सगळं एकदमच.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "म्हणूनच तू जे केलंस ते मला पेलत नाहीये."

तो वळायला लागला.

"सायलस पिको!" मी हाक मारली.

तो थांबला. मग सवयीनं, आमच्या गावच्या रीतीनं, त्याचा हात वर गेला आणि त्यानं तोंडावरचं कापड खाली ओढलं. मध्ये काच नव्हती, कापड नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा मी त्याचा सगळा चेहरा असा समोर पाहिला. तो रडत होता.

ओळखलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. मी आत गेले, बाबांच्या केकचा उरलेला तुकडा आणि पेल्यात थोडी रम आणली, पायरीच्या कठड्यावर ठेवली आणि मागे सरले. तो पुढे आला. पावसात उभा राहून त्यानं तो केक शेवटच्या मनुकेपर्यंत खाल्ला, रम संपवली आणि पेला जपून परत ठेवला.

"पुढच्या नाताळात..." तो म्हणाला.

दारामागे बाबांचं अकॉर्डियन खुंटीला लटकत होतं. ते आता वाजवायला कुणी नव्हतं.

"ये," मी म्हणाले. "पण सोंग घेऊन येऊ नकोस."