गरम झालेले दात

ज्याच्यामागे माणूसच नाही, असं हसू तुम्ही कधी पाहिलंय? शलाकाने पाहिलं होतं. यामिनीमावशीच्या प्रयोगशाळेत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर नुसते दात. पांढरे, प्लास्टरचे. ओठ नाहीत, गाल नाहीत, डोळे तर नाहीतच. दुपारचं ऊन खिडकीतून सरकत फळ्यांवर आलं, की वाटायचं, ही मंडळी आत्ता काहीतरी बोलत होती आणि आपण आलो म्हणून गप्प बसली.

ही ऑर्थोडॉन्टिक प्रयोगशाळा (वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी तारा आणि साचे बनवायची जागा) मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगणात होती. प्लास्टरचे दात करायची पद्धत खरं तर मागे पडली होती. तोंडात यंत्र फिरवलं की संगणकावर चित्र तयार व्हायचं. पण मग ते मोठं सौरवादळ आलं (सूर्यावरून सुटलेला विजेने भारलेल्या कणांचा झोत) आणि संगणकांत साठवलेलं जवळजवळ सगळं पुसून गेलं. दातांची चित्रं गेली आणि पुन्हा प्लास्टरचे दात करायची वेळ आली. लोकांचे फोटोही गेले.

शलाकाच्या आईचे सगळेच फोटो त्यात गेले. आई गेली तेव्हा शलाका इतकी लहान होती, की तिला आईचा चेहरा आठवतच नव्हता. आता तर तो पाहायलाही कुठे उरला नव्हता.

आणि परवा फळ्या झाडताना मावशीला मागच्या रांगेत एक जुना नमुना सापडला. खाली पेन्सिलीने नाव लिहिलेलं होतं, गौतमी. मावशीची मोठी बहीण, म्हणजे शलाकाची आई. चौदा वर्षांची असतानाचे तिचे दात. वरचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर थोडा चढलेला, गर्दीत पुढे घुसणाऱ्या माणसासारखा.

"ताई अशीच हसायची," मावशी म्हणाली. "हाताने तोंड झाकून. या दातापायी."

पण नमुन्याला ओल लागली होती. बोट लावलं की पूड पडायची. मावशीने ठरवलं, याची प्रत काढायची. आणि तीही एकदाच जमणार होती.

"एकदाच का?" शलाकाने विचारलं.

"म्हातारा झालाय गं तो. साच्यासाठी भोवती जेली ओतायची, तिच्यातून ओढून काढताना बहुतेक मोडेल. पण जेलीत त्याची जागा राहील. ती रिकामी जागाच आपल्याला हवी."

मग काम सुरू झालं. मावशीने नमुना आधी एका गढूळ पाण्यात भिजवला. त्या पाण्यात प्लास्टरचे तुकडे मुरवून ठेवले होते. "हे संपृक्त पाणी (ज्यात आता आणखी काही विरघळणार नाही असं). नळाचं पाणी उपाशी असतं, ताईच्या दातांच्या कडा खाऊन टाकेल. याचं पोट भरलंय." मग तिने नमुना एका पेटीत ठेवला आणि त्यावर अगार (समुद्री शेवाळापासून केलेली जेली) वितळवून ओतलं. ते गोठल्यावर तिने श्वास रोखून नमुना बाहेर ओढला.

कट्, असा बारीक आवाज झाला. पुढचा दात मोडला आणि बाकीच्याचा भुगा झाला.

मावशीने पेटी उजेडाकडे धरली. जेलीच्या आत एक तोंड होतं. दात नव्हते, दातांच्या जागा होत्या. शलाकाने मान हलवली तसं ते तोंडही तिच्याकडे वळल्यासारखं वाटलं. ती मागे सरकली.

"वळत बिळत नाही काही," मावशी हसली. "खोलगट आकार डोळ्यांना फसवतो. चल, पटकन. जेली वाळली की आकसते, मग ताई उंदरासारखी दिसेल."

तिने रबरी वाडग्यात पांढरी पूड घेतली, पाणी घातलं आणि घोटू लागली. "ही पूड म्हणजे जिप्सम नावाचा दगड. त्या दगडाच्या आत पाणी बांधलेलं असतं. भट्टीत भाजला की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि उरते ही तहानलेली पूड. पाणी दिलं की पुन्हा दगड होतो." तिने पेटी थरथरणाऱ्या टेबलावर ठेवली, म्हणजे बुडबुडे वर येऊन फुटतात. टेबल थरथरलं, भिंत थरथरली आणि फळ्यांवरचे सगळे दात कडकड वाजू लागले. थंडी भरल्यासारखे.

प्लास्टर ओतून झालं. मावशीने पेटीला झाकण लावलं. तेवढ्यात डॉक्टरांनी तिला पलीकडच्या इमारतीत बोलावलं.

"वाडगं धुऊन ठेव, शलू. आणि मी येईपर्यंत पेटी उघडायची नाही. आत सगळं चिखलासारखं आहे अजून. मामा, लक्ष ठेवा."

मामा म्हणजे यंत्रमानव. आधी तो रुग्णालयाच्या वॉर्डात होता आणि वॉर्डातल्या मदतनिसांना सगळे मामाच म्हणतात, म्हणून हाही मामा. म्हातारा झाल्यावर त्याला इथे पाठवलं, पण वॉर्डातल्या सवयी गेल्या नव्हत्या. तो खुर्च्यांचीही नाडी बघायचा.

आता त्याने पेटीवर बोट ठेवलं.

"तापमान तेहतीस."

"कशाचं?" शलाका म्हणाली.

"आतल्या रुग्णाचं. पस्तीस. वाढतंय."

शलाकाने पेटीला हात लावला. ओतलं तेव्हा ती गार होती, तिला पक्कं आठवत होतं. आता ती कोमट होती. अंगावर निजलेल्या बाळाच्या डोक्यासारखी कोमट.

"सदतीस," मामा हळूच म्हणाला. "रुग्ण जिवंत आहे."

खोलीत काही हललं नाही. फळ्यांवरचे दात गप्प होते. बाबा एकदा म्हणाले होते, शेवटी तुझ्या आईचा हात फार गार पडला होता. आणि ही पेटी गरम होत होती.

"बंद पेटीत हवा नाही," मामा म्हणाला. "रुग्णाला बाहेर काढतो." त्याची बोटं झाकणाच्या पहिल्या खिळीवर गेली.

शलाकाला त्याला थांबवायचंच नव्हतं. खरं सांगायचं तर तिलाही झाकण उघडून हवं होतं. पहिली खीळ निघाली तरी ती तशीच उभी राहिली. मग चाळा म्हणून की भीतीने, तिने हातातलं वाडगं दाबलं. मावशीने धुवायला सांगितलेलं, ते धुवायचं राहूनच गेलेलं. तळाशी उरलेला प्लास्टरचा गोळा तिच्या बोटांना लागला.

तोही गरम होता.

"मामा, थांबा. याला हात लावून बघा."

मामाने बोट लावलं. "अडतीस. दुसरा रुग्ण."

"पण याला दात नाहीत. तोंड नाही. वाडग्याच्या बुडाला चिकटलेला गोळा आहे नुसता. मग हा कोण?"

मामाच्या डोक्यातला पंखा घरघरला. "रुग्णाचं नाव सापडत नाही."

"कारण तो रुग्ण नाही. दात असोत नसोत, गरम होतंच आहे. म्हणजे ऊब दातांची नाही, प्लास्टरची आहे." शलाकाला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "भट्टीने दगडाला उष्णता दिली, तेव्हा पाणी निघून गेलं. आता पाणी परत आलं, तर ती उष्णता बाहेर पडणारच ना?"

"आणि रुग्ण गार पडला तर?"

"गार पडला, म्हणजे दगड तयार झाला. इथे गार पडणं वाईट नसतं, मामा."

तिने खीळ परत लावली आणि पेटी दोन्ही हातांत घेऊन बसली. पेटी आणखी गरम झाली, तशीच राहिली, मग हळूहळू निवू लागली. ते सगळ्यात कठीण होतं. ऊब जात होती आणि तिला ती धरून ठेवता येत नव्हती. मामा शेजारी उभा राहून आकडे सांगत होता. मग तिच्याकडे बघून त्याने आकडे सांगणं थांबवलं.

मावशी आली तेव्हा पेटी थंडगार होती. शलाकाने सगळं सांगितलं.

"दप्तर माळ्यावर चढवताना तुला जोर लागतो की नाही?" मावशी म्हणाली. "तो जोर कुठे जात नाही. दप्तर खाली पडलं की धप्पकन परत मिळतो. भट्टीची उष्णता तशीच. आणि वाडग्याशी पेटी ताडून पाहिलीस ना, त्याला तुलना-प्रयोग म्हणतात (एकच गोष्ट वगळून बाकी सगळं तसंच ठेवून पाहणं). मी तर तुला सांगितलाही नव्हता."

तिने जेली कापली. आत गौतमीचे दात होते. अख्खे. पुढचा दात शेजारच्यावर चढलेला, कडेची बारीक रेषसुद्धा शाबूत. शलाकाने त्यावर बोट फिरवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या नव्याने आलेल्या पुढच्या दातावर. तोही थोडा तिरका होता. त्याच बाजूला.

"मावशी, याला तार लावायची?"

"लावू. मोठी झालीस की बघू. घाई नाही."

"मग त्याआधी माझाही ठसा घे. असाच."

मावशीने ठसा घेतला आणि प्लास्टर ओतलं. टेबल थरथरलं, फळ्यांवरचे दात पुन्हा कडकडले. या वेळी शलाकाला वाटलं, हसताहेत. गौतमीचे दात तिने खिडकीत ठेवले होते आणि शेजारी तेवढीच जागा मोकळी सोडली होती.

मामाने नव्या साच्यावर बोट ठेवलं.

"सदतीस," तो म्हणाला. मग हात मागे घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला. "गार होऊ दे."