पार्टिशनपलीकडून

बसा, सांगते. पण मध्येच हसायचं नाही हं. हसायचं तेवढं आम्ही दोघींनी हसून घेतलंय.

माझी आत्या पुस्तकं छापते. खपतील अशी नव्हे, तिला आवडतील अशी. एकदा तिच्या डोक्यात आलं, जुन्या मासिकांत पडून राहिलेल्या, कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या विज्ञानकथांचा संग्रह काढायचा. त्यात एक कथा माझ्या बाबांची. त्यांनी आयुष्यात लिहिलेली एकुलती एक! बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ती मी तेव्हाच पहिल्यांदा वाचली. दूरच्या ग्रहावर एकटा राहिलेला माणूस रोज घरी बोलतो. त्याचा आवाज पोचायला वर्षानुवर्षं लागतात. इकडे त्याची मुलगी यंत्रापाशी वाट बघतेय... आणि नेमकं शेवटचं पान वाळवीने फस्त केलेलं.

"अर्धी गोष्ट मी छापणार नाही," आत्या म्हणाली. "सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं?"

संध्याकाळी मजकूर छपाईला जायचा होता. मी अगदी रडकुंडीला आले. शेवटी नाक पुसत, शिंकत आत्याच त्या मासिकाची दुसरी प्रत शोधायला बाहेर पडली.

आता आमची कामाची पद्धत सांगते. एकाने पार्टिशनपलीकडे बसून विरामचिन्हांसकट वाचायचं, इकडे दुसऱ्याने टाइप करायचं आणि वाक्य झालं की 'हं' म्हणायचं. 'हं' आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. बाबा आत्याच्या मदतीला बसायचे तेव्हा त्यांनीच ही शिस्त घालून दिलेली.

आभाळ इतकं भरून आलं की दुपारीच दिवा लावावा लागला. खोलीत जुन्या कागदांचा कुबट वास कोंडला होता. पलीकडची, मागच्या दाराजवळची खुर्ची करकरली.

"आलीस? मिळालं पान?"

"घे..." आवाज घोगरा. सर्दीच ती, मला काय वाटणार?

"मुलीने कान लावला, स्वल्पविराम... आणि आवाज आला, पूर्णविराम..."

"हं."

"जेवलीस का, प्रश्नचिन्ह..."

"हं."

"एवढंच विचारायचं होतं, पूर्णविराम... उत्तराची घाई नाही, पूर्णविराम..."

माझे डोळे भरून आले. बाबा फोनवर पहिलं हेच विचारायचे. "आत्या, किती गोड शेवट गं!" असं मी म्हणतेय, तोच समोरच्या दारातून आत्या आत आली.

"नाही मिळालं गं... कुणाशी बोलतेयस?"

मी उठून पलीकडे पाहिलं. पार्टिशनमागे कुणी नव्हतं. खुर्चीची बैठक मात्र कोमट होती...

आत्याने टाइप केलेलं वाचलं, डोळे पुसले आणि ती एकदम खुदकन हसली. "दादाच! मेल्याने बहिणीची साधी चौकशीसुद्धा केली नाही!"

कथा छापायला गेली. घरी जाण्याआधी मी त्या रिकाम्या खुर्चीला हळूच सांगितलं, "जेवले हो, बाबा." पलीकडून 'हं' काही आलं नाही.

पुस्तक निघालं, वाचकांना बाबांचाच शेवट सगळ्यात आवडला. वर्षं गेली. काल दुपारी आम्ही दोघी टेबलाच्या याच बाजूला चहा पीत नव्या मुखपृष्ठावरून भांडत होतो. पार्टिशनपलीकडे खुर्ची करकरली. आत्याचा कप हातातच राहिला.

"हं..." कुणीतरी समाधानाने म्हणालं. "पुढे सांग."