एका वाक्याची दुरुस्ती

केतकी जीपमधून चुकीच्या फाट्यावर उतरली, आणि तेही मोठ्या रुबाबात. लेस्टरमध्ये वाढलेल्या मुलीला चिमूरकडचे फाटे कसे कळावेत? दोन्ही बाजूंना साग, अंगाला झोंबणारी थंडी आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. तेवढ्यात एक मोटरसायकल आली, मागे माशांची टोपली.

"कुठी जाचं आहे?"

तिने गावाचं नाव सांगितलं. "तिथे इंग्रजी शिकवणार आहे मी. तीन महिने, फुकट."

"आगुदर कुठी शिकवलं?"

"कुठेच नाही…"

"मंग जमते," तो गंभीरपणे म्हणाला. "आमीबी आगुदर कुठी शिकलो नाई."

टोपली पुढे टाकीवर घेऊन त्याने तिला मागे बसवलं. हा आदेश. त्याच्या घरचे गावच्या तलावात मासे धरायचे. त्याला मात्र ताडोब्यात गाइड व्हायचं होतं, म्हणून इंग्रजी हवं होतं. निदान तो सांगायचा तरी तसं.

केतकीचं मराठी आईच्या स्वयंपाकघरातलं. त्यात 'तुम्ही' नव्हतंच. बाईसाहेब सरपंचांनाही 'तू' म्हणायच्या. गाव हसलं आणि सोडून दिलं. शिकवण्याचा तर आनंदच होता. बी-यू-टी 'बट', मग पी-यू-टी 'पुट' काऊन, असं वर्गातल्या वच्छलाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं आणि मॅडमची बोबडी वळली.

मागून आदेश म्हणाला, "वच्छलाबाई, एका घरचे दोन भाऊ तरी सारखे राह्यते काय?"

वर्ग हसला. केतकीने त्याच्याकडे पाहिलं — जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग ते चालूच राहिलं. रोज सकाळी टेबलावर ओले शिंगाडे असायचे. "मायनं देल्ले," तो म्हणायचा. आणि त्याची माय, बायनाबाई, केतकीलाच विचारायची, "रोजचे शिंगाडे कोन देते वं तुले?" तेव्हा केतकी लाजून दुसरीकडेच बघायची.

शेवटच्या आठवड्यात तिला इथे पाठवणाऱ्या संस्थेचा फोन आला. आणखी सहा महिने थांबणार का? शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा. केतकीला थांबायचं होतं, मनापासून थांबायचं होतं. पण ज्याच्यासाठी थांबायचं त्याने एक शब्द तरी बोलावा की नाही? तिने त्याला सांगून पाहिलं. तो जाळ्याकडे बघत म्हणाला, "तिकडं आई वाट पाहून राह्यली असन…" झालं. तिने खोलीवर जाऊन बॅग काढली आणि कपड्यांत तोंड खुपसून रडली.

शनिवारी तिने सगळ्यांना मनातलं एकच वाक्य लिहायला सांगितलं. वर्ग सुटल्यावर ती वह्या बघायला बसली. आदेशच्या वहीत होतं, 'यू लाइक मी.'

केतकीची कानशिलं तापली. काय हा आगाऊपणा! स्वतः तोंड उघडायचं नाही आणि वर हिच्या मनातलं हिलाच ऐकवायचं? वही घेऊन ती तडक तलावावर गेली. तो काठावर जाळं विणत बसला होता.

"हे काय लिहिलंस?"

"मनातलं."

"माझ्या मनातलं तू कसं लिहितोस?"

"तुमच्या नाई," तो गोंधळला, "माह्या मनातलं…"

"मराठीत सांग बरं."

त्याने मान खाली घातली. कान लालबुंद. "तुमी… आवडता… मले."

तुमी म्हणजे यू, आवडता म्हणजे लाइक, मले म्हणजे मी. बिचाऱ्याने शब्दाला शब्द ठेवला होता. केतकीचा राग कुठल्या कुठे पळाला.

"अरे, उलटं झालं," ती हळूच म्हणाली. "इंग्रजीत ज्याला आवडतं, तो पुढे येतो."

"आमच्यात ज्याले आवडते, तो मांगंच राह्यते, मॅडम."

"ते दिसलंच मला तीन महिने."

तो हसला, मग धीर करून म्हणाला, "दुरुस्त करून द्या ना."

केतकीने लाल पेन काढलं. 'यू लाइक मी' पुन्हा एकदा वाचलं आणि शेजारी मोठी बरोबरची खूण केली.

"पण चुकलं होतं ना?"

"एक अक्षर चुकलं नाही," ती म्हणाली. "खरंच आहे ते."

त्याला कळायला जरा वेळच लागला. कळलं तेव्हा जाळं हातातून सुटलं, आणि त्याने भीतभीत तिची बोटं धरली. तिने ती तशीच राहू दिली. मग दुसऱ्या हाताने फोन काढून संस्थेला लावला. काय बोलायचं ते तिने शुद्ध मराठीत ठरवलं होतं, पण तोंडून निघालं भलतंच.

"हो… थांबून राह्यली मी इथी."